माहीत आहे, पण कळलेलं नाही : कॉलेजातली मुलं आणि संततिनियमन

मी डॉक्टर नाही, समाजशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत गेली बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात र. धों. कर्वे वाचते. गणिताचा एक प्राध्यापक संततिनियमनाच्या मागे का लागला असेल, या कुतूहलातून हे वाचन सुरू झालं. रद्दीच्या दुकानांतून, ओळखीच्यांच्या माळ्यांवरून ‘समाजस्वास्थ्य’चे सुटे अंक मिळवत गेले. आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘त्या काकू कसली तरी पुस्तकं वाचतात,’ एवढ्यापुरतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला जिन्यात गाठून विचारलं, “काकू, ती गोळी महिन्यातून किती वेळा घेतलेली चालते?” मुलगी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. इतकी वर्षं कर्वे वाचल्यानंतर माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो “कोणासाठी?” ती “मैत्रिणीसाठी” म्हणाली आणि खाली उतरून गेली. पुढे जे झालं ते मला तिच्या आईकडून कळलं. दिवस गेल्यावर मित्राने कुठूनतरी गर्भपाताच्या गोळ्या आणून दिल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. गर्भपात अर्धवट झाला, रक्तस्राव थांबेना, दहाव्या दिवशी रुग्णालय गाठावं लागलं, परीक्षा बुडाली. मुलगी आता ठीक आहे, आणि तिच्या परवानगीनेच, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, हे लिहिते आहे. पण जिन्यातलं माझं ते “कोणासाठी?” मला अजून टोचतं. त्या एका शब्दाने तिला कळलं, की इथेही उत्तराच्या आधी चौकशी आहे.

त्यानंतर मी एक साधी गोष्ट केली. शिकवणीच्या खोलीत बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला फट पाडली आणि माझ्याकडून शिकून गेलेल्या, आता पदवीला असलेल्या मुलामुलींना सांगितलं, की नाव न लिहिता प्रश्न टाका, रविवारी सकाळी आपण बोलू. अठराच्या आतल्यांना यात घेतलं नाही. त्याचं कारण पुढे येईल. हा काही शास्त्रीय पाहणीचा नमुना नव्हे, म्हणून चिठ्ठ्यांची टक्केवारी मी काढलेली नाही. पण चार वर्षांच्या चिठ्ठ्या एका बाजूला आणि ‘समाजस्वास्थ्य’च्या अंकांतली प्रश्नोत्तरं दुसऱ्या बाजूला ठेवून वाचली, तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसले. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, पहिल्याच वेळी दिवस जातात का, कुठले दिवस सुरक्षित. मधे नव्वद वर्षं गेली आहेत.

कर्व्यांची हकिकत दिवाळी अंकांच्या वाचकांना नवी नाही, तरी काही तारखा समोर असाव्यात. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत असतानाच त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचा सल्ला आणि साधनं देणारं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तोही याच वर्षी. म्हणजे मुंबई या बाबतीत लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांचं संततिनियमनावरचं पुस्तक आलं. १९२५ मध्ये नोकरी की प्रचार असा पेच आला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि तो खटला झाला होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. मला यातली खरी गोष्ट ही वाटते. साधनं विकण्यापेक्षा प्रश्नाला सरळ उत्तर देणं समाजाला जास्त झोंबलं. खटला ते हरले. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला, तोही फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारने हेच काम हाती घेतलं. मात्र त्याचं नाव झालं ‘कुटुंब नियोजन’. या नावात एक अट आहे. आधी कुटुंब हवं. लाल त्रिकोण, ‘हम दो हमारे दो’, दोन मुलांची हसरी चित्रं, हे सगळं लग्न झालेल्यांशी बोलत होतं. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला आणि ते नाव इतकं रुळलं, की माझ्या पिढीला कंडोमला दुसरा शब्द ठाऊकच नव्हता. पण प्रत्यक्षात आपला कार्यक्रम उभा राहिला तो बायकांच्या शस्त्रक्रियेवर. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या नसबंदी झालेल्या आहेत. देशभरात स्त्री-नसबंदी सुमारे ३८ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याचीही होते, तरी हे असं. म्हणजे आजच्या कॉलेजातल्या मुलीने घरात पाहिलेलं संततिनियमन म्हणजे आईचं ऑपरेशन. दोन मुलं झाल्यावर, एकदाच, कायमचं. त्याआधी काय करायचं असतं, याचा नमुना तिच्यासमोर नाही.

याच पाहणीतला आणखी एक आकडा कायम मिरवला जातो. देशातल्या ९९ टक्क्यांहून अधिक स्त्री-पुरुषांना किमान एक आधुनिक साधन ‘माहीत’ आहे. हे खरं आहे. पण इथे माहीत असणं म्हणजे नाव ऐकलेलं असणं. सायनथीटा हे नाव ऐकलेली मुलं माझ्याकडे दर जूनमध्ये येतातच की. नाव ऐकणं आणि ते वापरता येणं यात एक अख्खं वर्ष जातं.

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या येतात त्या ‘सेफ दिवसां’वर. आणि त्यांत सर्वांत सर्रास आढळणारा गैरसमज असा, की दोन पाळ्यांच्या बरोबर मधले दिवस सुरक्षित, कारण ते पाळीपासून सर्वांत लांबचे. हे उलटं आहे. मजेची गोष्ट अशी, की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. कुत्रीसारख्या प्राण्यांना माजावर असताना रक्त जातं, त्यावरून बाईचंही तसंच असणार, असा तर्क होता. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२० च्या दशकात तो खोडून काढला. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. ते स्वतः जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

इथे मी फळा घेते. २८ दिवसांचं चक्र असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास. २४ दिवसांचं असेल तर दहाव्या. ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या. मोजणी पुढून नव्हे, मागून करायची आहे; आणि पुढची पाळी नेमकी केव्हा येणार हे आज कुणाला ठाऊक? ज्या समीकरणात मुख्य संख्या उद्या कळणार आहे, ते आज सोडवता येत नाही. ज्यांचं चक्र नियमितपणे २६ ते ३२ दिवसांचं आहे, त्यांच्यासाठी ‘मालाचक्रा’ची पद्धत आहे : आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे किंवा साधन वापरायचं. पण परीक्षा, जागरण, आजारपण, डाएट यांनी या वयातली पाळी पुढेमागे होतच असते. मोबाइलमधलं पाळीचं अ‍ॅप जो गुलाबी पट्टा दाखवतं, तो मागच्या महिन्यांवरून बांधलेला अंदाज असतो. हे सांगितल्यावर एकदा एक मुलगा बराच वेळ मोबाइलकडे बघत बसला होता.

आता ‘ती गोळी’. तातडीची गर्भनिरोधक गोळी आपल्याकडे २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. आमच्या गल्लीतल्या औषधदुकानदाराने मला सांगितलं, की तिला त्याच्याकडे सोमवारी सकाळी मागणी असते. त्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असतं. ते बीज बाहेर पडणं लांबवतं. बीज आधीच पडून गेलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून ७२ तासांची मुदत असली, तरी जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ती गर्भपाताची गोळी नव्हे, आणि दिवस गेलेच असतील तर ती ते थांबवत नाही. आज घेतलेली गोळी परवाच्या संबंधाला पुरत नाही, हे तर चिठ्ठ्या टाकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत होतं.

जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा द्यायला हवं होतं ते असं : पुन्हा घेतली म्हणून विषबाधा होत नाही, पण पाळीचं वेळापत्रक बिघडतं, आणि नेहमीचं साधन म्हणून ती इतर साधनांपेक्षा बरीच कच्ची आहे. महिन्यात दुसऱ्यांदा लागत असेल तर नेहमीचं साधन शोधायची वेळ झाली. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करायची, वाट बघत बसायचं नाही. एवढंच. दोन मिनिटांचं उत्तर होतं.

गर्भपाताच्या गोळ्या ही वेगळी औषधं, मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, कारण गर्भ किती आठवड्यांचा आहे, तो गर्भाशयातच आहे की नळीत, हे आधी पाहावं लागतं. नळीत असेल तर या गोळ्यांनी काही साधत नाही आणि नळी फुटून जीवही जाऊ शकतो. दोन्ही गोळ्या एकाच नावाच्या कुटुंबातल्या ब्रँडखाली विकल्या जातात, त्यामुळे मुलं गोंधळतात. त्या मित्राला दोष देताना मला हेही आठवतं, की त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कंडोमविषयी मुलांना वाटतं, की त्यात शिकण्यासारखं काय आहे. शंभर जोडप्यांनी वर्षभर प्रत्येक वेळी आणि अचूक वापरला तर सुमारे दोघींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर सुमारे तेरा. हा अकराचा फरक रबराचा नाही, सवयीचा आहे. उशिरा चढवणं, कधीतरी सोडून देणं, महिनोन्‌महिने पाकिटात ठेवून घासला गेलेला वापरणं, तारीख न पाहणं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्याने लॅटेक्स कमकुवत होतं, ही गोष्ट दर वर्षी एका तरी मुलाचा चेहरा उतरवते. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून बचाव करणारं साधन मात्र हे एकच. नेहमीच्या गोळ्या (माला-डीच्या पाकिटात २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या असतात), आठवड्याची ‘छाया’, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी, यांतलं कुठलंही रोगापासून वाचवत नाही. ‘छाया’ हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतलं आपलं स्वतःचं संशोधन, संप्रेरकविरहित. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं, आणि माझ्याकडच्या एकाही मुलीने त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. पपई, तीळ, उड्या मारणं, लगेच लघवीला जाणं यांची नावं मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

माहितीचा भाग इथवर सोपा आहे. अवघड आहे तो दुकानाच्या काउंटरपर्यंतचा रस्ता. आमच्याकडे औषधाचं दुकान म्हणजे आईला नावाने ओळखणारे दुकानदार काका. म्हणून एव्हरशाईनचा मुलगा बोरिवलीला उतरून घेतो आणि नालासोपाऱ्याचा, मला वाटतं, आमच्याकडे येत असेल. घेतलेली वस्तू काळ्या पिशवीत मिळते, जणू चोरीचा माल. ऑनलाइन मागवावं तर पार्सल वॉचमन घेतो, नाहीतर आजी. वन-बीएचकेत पाच माणसं राहतात, तिथे पाकीट ठेवायचं कुठे? आणि भेटायचं ते किल्ल्याच्या पडक्या भिंतीआड किंवा हायवेवरच्या लॉजवर, घाईत आणि भीतीत. अशा वेळी पाकीट खिशात असूनही राहून जातं.

त्यातही मुलीची अडचण वेगळी. पर्समध्ये कंडोम सापडलेली मुलगी ‘तसली’. मुलगा फार तर चावट. पाचव्या पाहणीत देशातल्या ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं, की संततिनियमन ही बाईची बाब आहे, पुरुषाने त्याची चिंता करायचं कारण नाही. आणि साधन वापरणारी बाई बदफैली होऊ शकते असं म्हणणारे सुमारे २० टक्के. ही दोन वाक्यं एकत्र वाचून पाहावीत. जबाबदारी तिची, आणि तिने ती पार पाडली तर ती संशयित. माझ्या रविवारच्या मुलांपैकी काहींचं मत याहून फार वेगळं नव्हतं. एकजण म्हणाला, “तिने आधीच गोळी आणली तर मला वाटेल हिला सवय आहे.” दुसऱ्या एका मुलीने त्याला विचारलं, “आणि नाही आणली तर?” तो काही बोलला नाही.

शाळेने हे शिकवावं म्हटलं, तर २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने त्यावर बंदी घातली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या सूचनेने कंडोमच्या जाहिराती दूरदर्शन वाहिन्यांवर रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्यापुरत्या उरल्या. त्या जाहिराती शिकवत काही नव्हत्याच, सुगंधांची नावं सांगत होत्या, त्यामुळे माझं फारसं दुःख नाही. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची केंद्रं आहेत, पण ती १९ वर्षांपर्यंतच्यांसाठी. विसाव्या वर्षी मूल सल्ल्याला जाणार कुठे? स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं तर माझ्या माहितीतल्या एका मुलीला, नाव कुणाचं घेत नाही, पहिला प्रश्न आला, “लग्न झालंय?” नाही म्हटल्यावर दुसरा, “आईला घेऊन या.”

कायदा तसं म्हणत नाही, हे मला चिठ्ठ्यांमुळेच वाचावं लागलं. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. आईची, नवऱ्याची, मित्राची लागत नाही. १९७१ च्या कायद्यात साधन फसल्याचं कारण विवाहित स्त्री आणि तिचा पती यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. तिचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही असं सांगितलं.

अठराच्या आतल्यांची गोष्ट निराळी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे त्या वयात संमतीला अर्थ नाही, संबंध हा गुन्हाच, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक. अकरावी-बारावीच्या मुलांना मी डब्यापासून दूर ठेवते ते यासाठी. त्यांना शरीर कसं चालतं ते सांगते, हा कायदा सांगते, वैयक्तिक काही विचारत नाही. याने त्यांचं संरक्षण किती होतं आणि त्यांचं तोंड किती बंद होतं, याचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या त्याच निकालात, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव कळवण्याची गरज नाही अशी वाट काढली आहे. ती किती डॉक्टरांना ठाऊक असेल?

डब्याची बातमी बाहेर गेल्यावर एका वडिलांनी मुलीची शिकवणी बंद केली. घरी येऊन, चहा घेऊन, सभ्यपणे सांगून गेले. “तुम्ही त्यांना रस्ता दाखवताय,” म्हणाले. कर्व्यांना आयुष्यभर हेच ऐकावं लागलं होतं, पण त्यांची नोकरी गेली होती, माझी एक शिकवणी गेली. तुलना करण्याचं कारण नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, की जिन्यातली ती मुलगी रस्ता विचारून गेली होती का? त्यांना ती गोष्ट माहीत नव्हती आणि मला सांगता येत नव्हती.

गेल्या श्रावणात डब्यात एक चिठ्ठी निघाली. अक्षर मुलाचं असावं. त्यात गोळीचं, दिवसांचं काही नव्हतं. ‘साधन माझ्याकडे आहे. तिला विचारायचं कसं, ते सांगा. ती म्हणेल, तू हे ठरवूनच आलास.’ याचं उत्तर ‘समाजस्वास्थ्य’मध्ये शोधलं, माझ्या टिपणांत शोधलं. रविवारी चिठ्ठी वाचून दाखवली आणि मला याचं उत्तर येत नाही असं सांगितलं. थोडा वेळ सगळे खाली बघत होते. मग मागून एक मुलगी म्हणाली, “ठरवून आला तर वाईट काय?” आणि दोघंतिघं एकदमच बोलायला लागले. मी दूध बघायला आत गेले.